थोरल्या जावयाचा पाट

काष्टीच्या रंभाजींना दोन जावई. थोरला गहिनीनाथ, एसटीचा ड्रायव्हर. धाकटा अजिनाथ, पारनेरला ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवणारा. जावयांमधलं थोरलं-धाकटं बायकोच्या वयावर ठरतं, आणि विजयमाला ही थोरली लेक असल्यामुळे सासुरवाडीतला पहिला पाट गहिनीनाथचा. पण नुसता नशिबाने मिळाला म्हणून तो त्या पाटावर बसत होता असं कोणी समजू नये. तो पाट त्याने राखला होता.

रंभाजींची वस्ती श्रीगोंद्याहून काष्टीकडे येणाऱ्या रस्त्यापासून एक शेत आत. गहिनीनाथची पुण्याची गाडी वळणावर आली की तो दोनदा हॉर्न द्यायचा. मग सासूबाई विमलबाई हातातलं काम ठेवून अंगणात यायच्या आणि जो कोणी जवळ असेल त्याला सांगायच्या, गहिनीनाथरावांची गाडी गेली. जवळ कोणी नसलं तर म्हशीला सांगायच्या. दिवाळीत कोणाला पुण्याची जागा हवी असो, लग्नाला गाडी ठरवायची असो, वस्तीवर गहिनीनाथशिवाय पान हलत नसे. खाकी कपडे, पिळलेल्या मिश्या, आणि विनाअपघात नोकरीबद्दल मिळालेला बिल्ला. तो बिल्ला ड्युटीवर नसतानाही त्याच्या खिशाला असायचा. सासुरवाडीला जाताना तर हमखास.

आणि अजिनाथ? तो यायचा, कोपऱ्यातल्या खुर्चीत पेपर वाचत बसायचा, ताटात पडेल ते खायचा आणि जायचा. मीठ कमी आहे हेसुद्धा सांगायचा नाही. गहिनीनाथचं त्या काळात या साडूवर मनापासून प्रेम होतं. ज्याच्याकडे हेवा करण्यासारखं काही नाही त्याच्यावर प्रेम करायला काही कष्ट पडत नाहीत. 'आमचे मास्तर' म्हणून तो त्याची चारचौघांत थट्टा करायचा, आणि पारनेरला गाडी गेली की त्याच्या घरी चहाला थांबायचाही.

हे सगळं बिघडलं मागच्या धोंड्याच्या महिन्यात.

अधिक महिना तीन वर्षांनी येतो आणि जावयांचे लाड घेऊन येतो. विमलबाईंचा त्या बाबतीत मोठा काटेकोरपणा. पुरण भरलेले धोंडे, त्यावर तुपाची धार, तबकात अनारसे आणि वर दिवा. रंभाजी तांब्याच्या परातीत जावयाच्या पायावर पाणी घालणार, विमलबाई पाय पुसणार, कुंकू लावणार, कपडे हातात देणार. आधी थोरला, मग धाकटा. त्या वर्षीही गहिनीनाथचे पाय आधी धुतले गेले आणि तो मिश्या सावरत पहिल्या पाटावर बसला. सगळं रीतीप्रमाणे चाललं होतं. धोंड्याचा पहिला घास तोंडात असतानाच धाकटी लेक वृषाली वाढता वाढता म्हणाली, "यांनी कॉलेज सोडलं."

सगळ्यांचे हात थांबले. सुप्याजवळची अजिनाथच्या वाट्याची जमीन कारखान्यांसाठी गेली होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. त्याच्या भावांनी त्या पैशात बंगले बांधले, गाड्या घेतल्या. अजिनाथ आता काय करणार, दुकान टाकणार की पेट्रोल पंप घेणार, याबद्दल गहिनीनाथने बऱ्याच ठिकाणी बरेच अंदाज बोलून दाखवले होते. अजिनाथने मान खाली घालूनच सांगितलं की तो बारामतीला विमान शिकायला जाणार आहे. रंभाजींनी विचारलं, विमानात काम काय असतं? तो म्हणाला, चालवायचं.

गहिनीनाथला इतकं हसू आलं की तोंडातलं पुरण नाकात गेलं. चाळिशी उलटलेला माणूस. या वयात लोक पोरीला स्थळं बघतात. ठसका लागून डोळ्यांत पाणी आलं, ते पुसून त्याने आजूबाजूला पाहिलं तर दुसरं कोणीच हसत नव्हतं. रंभाजी अजिनाथकडे बघत होते. गहिनीनाथ पहिल्यांदा खाकी घालून या अंगणात आला होता तेव्हा म्हातारा त्याच्याकडे असाच बघत राहिला होता. ती नजर गहिनीनाथने इतकी वर्षं स्वतःची समजली होती. ती दुसऱ्यावर पडलेली पाहून त्याच्या पोटात पहिली कळ उठली, आणि ती तुपाची नव्हती.

जेवणं झाल्यावर पुरुष अंगणातल्या लिंबाखाली बसले. मेहुणा काकासाहेब आइस्क्रीम आणायला गावात गेला होता, म्हणून तिथे सासरे आणि दोन जावई एवढेच. गहिनीनाथने सुरुवात केली की पायलटचं मेडिकल फार अवघड, त्यातही डोळे. आमचीही तपासणी असते, पण तुम्ही मास्तर लोक, रात्रंदिवस पुस्तकात. आणि मग त्याला सुचलं. वळणावर गाडी आली की तिच्या पाटीचं तोंड क्षणभर वस्तीकडे होतं. आधी कोण वाचतो ते बघू, असं तो म्हणाला. अजिनाथ नको म्हणत होता, पण रंभाजींना मजा वाटली. त्यांना स्वतःला वळणच धड दिसत नसे.

दोघे अंगणाच्या कडेला उभे राहिले. धूळ दिसली, लाल रंग दिसला, आणि अजिनाथने तोंड उघडायच्या आत गहिनीनाथ ओरडला, श्रीगोंदा-पुणे. रंभाजींनी विचारलं, बरोबर का हो? अजिनाथने एकदा गहिनीनाथकडे पाहिलं. मग म्हणाला, "बरोबर. दादांनी आधी वाचली."

आता खरं सांगायचं तर गहिनीनाथला पाटी दिसलीच नव्हती. लाल रंगावर एक पांढरा डाग, एवढंच. पण ती वेळ श्रीगोंदा-पुण्याची, ती गाडी त्याने स्वतः वर्षानुवर्षं चालवलेली, त्यात वाचायचं काय? लांबचं हल्ली जरा पुसट दिसतं हे त्याच्या लक्षात आलं होतं, पण त्याने ते धुळीवर ढकललं होतं.

निघताना अजिनाथ त्याला बाजूला घेऊन म्हणाला, नगरला माझ्या ओळखीचे डोळ्यांचे डॉक्टर आहेत. मेडिकलआधी मी दाखवून घेणार आहे. तुम्हीही चला, दोघांचं एकदमच होईल. गहिनीनाथच्या अंगाचा तिळपापड झाला. हरलेल्या माणसाने जिंकलेल्याला डोळे तपासायला सांगावं?

"आमचे डोळे सरकार तपासतंय," तो म्हणाला. "तुमी तुमचे सांभाळा."

त्यानंतरची वर्षं गहिनीनाथने साडूच्या अपयशाची वाट बघण्यात घालवली. एवढ्या चिकाटीने त्याने आयुष्यात दुसऱ्या कशाची वाट बघितली नसेल. बारामतीची शिकाऊ विमानं काष्टीवरून घिरट्या घालत. विमलबाईंनी त्यांतलं प्रत्येक विमान अजिनाथचंच धरलं होतं. घरघर ऐकू आली की त्या पदर सावरून बाहेर यायच्या आणि वर बघून हात हलवायच्या. दिवसातून चारचार विमानं आली तरी चारही जावयाचीच. एकदा गहिनीनाथच्या देखत त्या अशा धावत बाहेर गेल्या आणि त्याच्यासाठी ठेवलेला चहा उतू गेला. चहा उतू गेल्याचं त्याला काही नाही, असं त्याने विजयमालाला घरी गेल्यावर तीनदा सांगितलं.

अजिनाथची खबर तो बायकोकडून काढायचा, तेही सहज विचारल्यासारखी. एकटं विमान उडवलं म्हणे. उडवू दे, छोटंच असतंय ते. परीक्षेत हवामानाच्या पेपरात राहिले म्हणे. त्या दिवशी गहिनीनाथने कंडक्टरला गरम भजी खाऊ घातली. पुढच्या खेपेला तो पेपर सुटला हे कळलं, तेव्हा मात्र त्याला पित्त झालं. पायलटलाही ड्युटीआधी दारूच्या तपासणीसाठी नळीत फुंकर मारून दाखवावी लागते हे ऐकून त्याला तेवढं बरं वाटलं. आम्हीही फुंकतो, तेही फुंकतात, मग फरक कसला, असं तो डेपोत सगळ्यांना विचारत सुटला.

आणि इकडे त्याचे डोळे जात होते. संध्याकाळी समोरच्या गाडीचा दिवा फुटल्यासारखा पसरायचा. थांब्यावर उभी असलेली माणसं जवळ आल्याशिवाय माणसं वाटत नसत. एका संध्याकाळी उसाची बैलगाडी त्याला फार उशिरा दिसली. ब्रेक लागला, कोणाला काही झालं नाही. हे त्याने कोणालाही सांगितलं नाही. नियमाची तपासणी आली तेव्हा डॉक्टरने त्याला समोरच्या तक्त्यावरची अक्षरं वाचायला लावली. तिथे वेळापत्रक कामाला आलं नाही.

शुगर होती, आणि कधीपासून होती ते कोणालाच माहीत नव्हतं. शुगरने डोळ्याच्या आतला पडदा खराब केला होता. डॉक्टर वाईट बोलला नाही. एवढंच म्हणाला की वर्षभर आधी आला असतात तर बरंच वाचलं असतं. डावा डोळा आता परत येणार नाही. उजवा वाचवता येईल, पण त्यात इंजेक्शनं घ्यावी लागतील, वेळच्या वेळी, आणि सोबत माणूस आणावा लागेल, कारण औषध घातल्यावर एकट्याने परत जाता येत नाही. टाळाटाळ केली तर उजवाही जाईल.

वर्षभर आधी. ते शब्द गहिनीनाथने बरोबर ऐकले, आणि त्यांचा हिशोब त्याला लगेच लागला. लिंबाखालून निघताना अजिनाथने सांगितलं होतं, त्या गोष्टीला तेव्हा वर्षच होत आलं होतं. असं असताना माणसाला स्वतःचा राग यायला हवा. गहिनीनाथला अजिनाथचा आला. याने चांगलं काही सांगितलंच का, की जे न ऐकल्याचा पश्चात्ताप आता जन्मभर करावा?

स्टिअरिंग सुटलं. डेपोत गाड्या धुऊन घेण्याचं हलकं काम मिळालं. खाकी तीच, बिल्ला तोच, पण पाय दिवसभर ओले. सासुरवाडीला त्याने सांगितलं की रूट बदललाय, आता गाडी नाशिकला असते. विमलबाई हळहळल्या, हॉर्न ऐकू येत नाही म्हणून करमत नाही म्हणाल्या. खरं काय ते विजयमालाला तेवढं माहीत. उजव्या डोळ्याच्या इंजेक्शनाला तो एकदा जाऊन आला, पुढच्या वेळी गेलाच नाही. मुलगा पुण्यात नोकरीला, त्याला रजा नाही. विजयमाला म्हणायची, अजिनाथराव सुटीला आलेत, त्यांची गाडी आहे, डॉक्टर ओळखीचे आहेत, एक शब्द टाका.

"त्याच्या गाडीत बसून माझे फुटके डोळे दावायला जाऊ व्हय?" तो म्हणाला. "त्यापरीस आंधळा झालेला बरा."

ती तोंडाला पदर लावून आत गेली.

याच सुमाराला अजिनाथला एका कंपनीत नोकरी लागली. मोठं विमान, पांढरा शर्ट, खांद्यावर पट्ट्या. काकासाहेबाने आणि त्याच्या मित्रांनी काष्टीच्या चौकात भलामोठा फ्लेक्स लावला. 'काष्टीचे जावई पायलट झाल्याबद्दल हार्दिक अभिनंदन.' काष्टीचा जावई तर गहिनीनाथही होता, तीस वर्षांपासूनचा. तो जवळ जाऊन फ्लेक्स बघत उभा राहिला. खाली शुभेच्छुकांच्या फोटोंची रांग होती, आणि त्या रांगेच्या टोकाला, अंगठ्याच्या नखाएवढा, तो स्वतः होता. कोणी विचारलं नव्हतं. लग्नातल्या एका फोटोतून कापून घेतलेला, मिश्यांचं एक टोक कापलं गेलेला.

मग त्याने बोलायला सुरुवात केली. विमानात उजवीकडे बसणारा हा दुय्यम असतो, खरा ड्रायव्हर डावीकडचा, हे त्याने कुठूनतरी ऐकलं होतं. म्हणजे आमचे साडू विमानाचे कंडक्टर आहेत, असं तो शनिवारच्या बाजारात चहाच्या टपरीवर सांगू लागला. लोक हसायचे. हसले की पोटातली कळ घटकाभर थांबायची.

पुढे अजिनाथने सासू-सासऱ्यांना शिर्डीहून हैदराबादला स्वतःच्या विमानातून नेऊन आणलं. गहिनीनाथलाही बोलावलं होतं. नाशिकच्या गाडीमुळे रजा मिळत नाही, असं त्याने कळवलं. परत आल्यावर विमलबाईंनी सगळं सांगितलं, ढग कसे खाली होते, चॉकलेट कसं दिलं, आणि शिर्डीला उतरता उतरता विमान अगदी जमिनीजवळ येऊन पुन्हा कसं वर गेलं, आणि मग एक गिरकी घेऊन उतरलं. अजिनाथरावांनी आणखी एक चक्कर मारून दाखवली, अशी त्यांची समजूत होती. गहिनीनाथच्या मनात मात्र दिवाळी झाली. टेकवता आलं नाही. पुढच्या शनिवारी टपरीवर गोष्ट तयार होती. आमच्या साडूला विमान टेकवता येईना, परत वर घेऊन गेला, प्रवाशांनी साईबाबांचा धावा केला. धाव्याची भर त्याची स्वतःची. पुढच्या बाजारापर्यंत त्यात एक रडणारी बाईसुद्धा आली.

वाऱ्याचा रंग ठीक वाटला नाही तर शहाणा ड्रायव्हर उतरायचा हट्ट करत नाही, हे गहिनीनाथला कळत नव्हतं असं नाही. घोड नदीला पूर आलेला असताना त्यानेही पाण्यात गाडी न घालता भरलेली गाडी मागे फिरवली होती, आणि प्रवाशांच्या शिव्या खाल्ल्या होत्या. त्याला ते चांगलं आठवत होतं. म्हणूनच ती गोष्ट सांगताना तो आवाज चढवायचा.

आणि यंदा पुन्हा धोंड्याचा महिना आला, भर उन्हाळ्यात. विमलबाईंचं बोलावणं आलं तेव्हा गहिनीनाथच्या मनात एकच प्रश्न होता, पाय आधी कोणाचे धुणार. जावं की नाही याचा त्याने दोन दिवस विचार केला. न गेलो तर पाट आपोआप त्याचा, म्हणून गेला. बिल्ला घासून लावला.

अजिनाथ आधीच आलेला होता. साधा शर्ट, तीच कोपऱ्यातली खुर्ची, हातात पेपर. टपरीवरच्या गोष्टी त्याच्या कानावर गेल्या असणारच. काष्टीत गोष्ट कानावर न जाणं शक्य नाही. पण तो उठून पाया पडला. स्वयंपाक व्हायचा होता, म्हणून पुरुष लिंबाखाली बसले, आणि काकासाहेबाने नको ती आठवण काढली. मागच्या धोंड्याला दाजींनी पायलटला पाटी वाचण्यात हरवलं होतं म्हणे, मी नेमका आइस्क्रीम आणायला गेलो होतो, आज माझ्यासमोर होऊन जाऊ द्या. रंभाजींनीही मान हलवली. गहिनीनाथने ऊन आहे म्हणून पाहिलं, भूक लागली म्हणून पाहिलं, कोणी ऐकेना. काकासाहेब पंच म्हणून पुढे विहिरीपाशी जाऊन उभाही राहिला, तिथून वळण जवळ.

दोघे कडेला उभे राहिले. गहिनीनाथला वळण म्हणजे उन्हात तरंगणारी एक पिवळी पट्टी दिसत होती. पण डेपोतून कोणती गाडी किती वाजता सुटते हे त्याच्याशिवाय कोणाला ठाऊक? आत्ताची वेळ श्रीगोंदा-पुण्याचीच. तेवढ्यात पिवळ्या पट्टीवर लाल काहीतरी आलं. त्याने श्वास घेतला, आणि शेजारून अजिनाथ ओठ न हलवता, फक्त त्याला ऐकू जाईल असं म्हणाला, "दादा, कर्जत. कर्जत-पुणे."

गहिनीनाथचं डोकं क्षणात भणभणलं. हा मला का सांगतोय? याला कसं कळलं? आणि मग त्याच्या मत्सराने त्याला उत्तर देऊन टाकलं. फसवतोय. टपरीवरचा सूड घेतोय. खोटी पाटी सांगून मला सगळ्यांसमोर तोंडघशी पाडणार, आणि मग पहिल्या पाटावर बसणार.

"श्रीगोंदा-पुणे," तो मोठ्याने ओरडला.

काकासाहेब विहिरीवरून हसत सुटला. "दाजी, कर्जत हाय की ती. एवढी मोठी पाटी दिसंना का तुमाला?"

गहिनीनाथने मागे वळून पाहिलं. रंभाजी खाटेवरून त्याच्याकडे बघत होते. स्वयंपाकघराच्या दारात विजयमाला हातात उलथणं घेऊन उभी होती, तिचा चेहरा त्याला दिसत नव्हता आणि तरीही दिसत होता. आता पुढचा प्रश्न येणार, आणि मग नाशिकची गाडी, डेपोतला पाण्याचा पाइप, सगळं बाहेर येणार. तेवढ्यात अजिनाथ हसून म्हणाला, "अरे, मीपण श्रीगोंदाच वाचलं. दादा आधी बोलले एवढंच. ऊन लई हाय, काच चकाकती."

मग काय विचारता. काकासाहेबाला चेव आला. पायलटला एसटीची पाटी दिसंना, हा विमान कुठल्या गावाला उतरवत असेल, शिर्डी म्हणून शिरूरला तर नेत नाही ना. रंभाजी खाटेवर हलून हलून हसले. वृषालीसुद्धा आतून हसली. विमलबाई म्हणाल्या, आता तुमच्या विमानात मी नाही बसायची. अजिनाथ सगळ्यांबरोबर हसत होता, मान खाली घालून, कानाची पाळी चोळत.

तीन वर्षं गहिनीनाथने हेच मागितलं होतं. या अंगणात, या माणसांनी अजिनाथला हसावं. ते आता घडत होतं आणि त्याला त्यातलं काही गोड लागत नव्हतं. तो हसण्याचा प्रयत्न करून बघत होता, पण तोंड वाकडं होत होतं. अजिनाथचा शब्द खरा होता. त्याने खरी पाटी सांगितली होती.

"मागच्या धोंड्याला कुठली गाडी हुती?" त्याने खालच्या आवाजात विचारलं.

अजिनाथने आधी कोणी ऐकत नाही ना ते पाहिलं. "जामखेडची."

म्हणून ते नगरचे डॉक्टर. म्हणून दोघांचं एकदमच. गहिनीनाथला पुढचं काही विचारावं लागलं नाही. तीन वर्षं हा माणूस जिंकलेली पैज खिशात घालून गप्प बसला होता, आणि आपल्याला त्याच्या विमानाची एक गिरकी पुढच्या शनिवारच्या पुढे पोटात ठेवता आली नव्हती. हेवा तर आता पहिल्यापेक्षा जास्त वाटला. विमान चालवायला शिकता येतं, चाळिशीतही येतं, हे तर दिसतच होतं. हे असं गप्प बसायला कुठे शिकतात ते मात्र त्याला कळेना.

विमलबाईंनी आतून हाक मारली. परात मांडली होती. रंभाजींनी तांब्या उचलला आणि रीतीप्रमाणे म्हणाले, थोरले पाव्हणे आधी. इतक्या दिवसांच्या काळजीचं एका वाक्यात पाणी झालं. कोणी दुसरा विचारही केलेला नव्हता. पायावर पाणी पडलं तेव्हा गहिनीनाथ खाली बघत होता. दिवसभर डेपोत भिजून भिजून तळव्यांना पडलेल्या पांढऱ्या भेगा विमलबाईंनी पुसता पुसता पाहिल्या. त्यांचा हात जरा थांबला. मग त्यांनी पाय आणखी सावकाश पुसले.

गहिनीनाथ पहिल्या पाटावर बसला. धोंडे त्याने तोंडाला लावून बाजूला ठेवले. शुगरचं कारण सांगितलं नाही, पण त्याच्या पाटाशेजारी बसलेल्या अजिनाथने वाढणाऱ्या वृषालीला हातानेच नको म्हणून खूण केली, ती कोणाच्या ताटासाठी होती हे तिला कळलं. याचाही गहिनीनाथला राग आला. पण तो राग जुन्यासारखा टिकेना.

संध्याकाळी, निघायच्या वेळी, तो अजिनाथच्या गाडीपाशी जाऊन उभा राहिला. काच पुसल्यासारखं केलं, टायर बघितल्यासारखं केलं. अजिनाथ डिकीत अनारशांचे डबे ठेवत होता.

"ते नगरचे डॉक्टर," गहिनीनाथ म्हणाला, "अजून हायेत का?"

"हायेत."

"डावा गेलाय. उजव्याचं बघायचं हाय. सोबत माणूस लागतोय म्हनले."

अजिनाथने डिकी बंद केली. सुटी परवापर्यंत आहे, आज नगरला मुक्काम करू, सकाळी पहिला नंबर लावू, असं तो म्हणाला, जणू हे आधीच ठरलेलं होतं. बायका राहू देत इथे, उद्या घेऊन जाऊ. विजयमाला दारात उभी राहून ऐकत होती. तिने नवऱ्याची पिशवी आणून मागच्या सीटवर ठेवली.

गहिनीनाथ पुढे बसला, डावीकडे. विमानात इथे कॅप्टन बसतो, अजिनाथ पट्टा लावता लावता म्हणाला. ते थट्टेचं होतं की टपरीवरच्या कंडक्टरचं उत्तर होतं हे कळायला मार्ग नव्हता. गाडी शेतातल्या रस्त्याने निघाली. आयुष्यभर दुसऱ्यांना नेलेल्या माणसाला स्वतः नेलं जाण्याची सवय नव्हती. त्याचा पाय दर खड्ड्याला नसलेला ब्रेक दाबत होता.

"दुसऱ्यातनं तिसरा गिअर लई लवकर टाकता तुमी," तो म्हणाला.

"बरं, दादा."

वळण जवळ आलं. गहिनीनाथला ते दिसलं नाही, अंगाला कळलं. "हितं हॉर्न द्या," तो म्हणाला. "दोनदा. एकदा दिला तर सासूबाईंना कळत न्हाई."

अजिनाथने दोनदा हॉर्न दिला, आणि गाडी रस्त्याला लागली.

अंगणात विमलबाई परात घासत होत्या. हॉर्न ऐकून त्यांनी मान वर केली आणि सवयीने शेजारी बसलेल्या लेकीला म्हणाल्या, गहिनीनाथरावांची गाडी गेली. दुसऱ्या दिवशी विजयमाला न राहवून पहिल्या एसटीने नगरला आली, आणि तिने हे दवाखान्यात, डोळ्यावर पट्टी बांधून बसलेल्या नवऱ्याच्या कानात सांगितलं. गहिनीनाथला फार बरं वाटलं. अजिनाथ पलीकडच्याच बाकावर बसला होता, पण गहिनीनाथने ते त्याला सांगितलं नाही.